थोड्या वेळाने या

फाटककाकांनी ई-मेल पाठवला की तो पोचायच्या आत ते स्वतः पोचतात.

मी राहतो दुसऱ्या मजल्यावर, काका तळमजल्यावर. माझ्या संगणकात मेल पडल्याचं टिंग वाजायच्या आधी दारावरची बेल वाजते. दार उघडावं तर काका उभे. चष्मा कपाळावर, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात काकूंची, आणि धाप अशी लागलेली, की पत्र जणू खांद्यावरून वाहून आणलंय.

"पोचलं का?"

"काय?"

"पत्र."

"बघतो."

"बघा. मी थांबतो."

मग ते पायपुसण्यावर उभे राहतात. पुढे येत नाहीत, मागे जात नाहीत. मी आत जाऊन संगणक चालू करतो. तो चालू होईपर्यंत चहा होतो. काका तो उभ्यानेच घेतात. शेवटी पत्र उघडतं. आत एकच ओळ: 'जिन्यातला दिवा गेला आहे. सेक्रेटरी या नात्याने दखल घ्यावी.'

"अहो काका, वर आलाच होतात, तर हे तोंडी सांगायचं की!"

"तोंडी सांगितलेलं तुम्ही विसरता, बर्वे. लेखीही विसरताच. पण लेखी विसरलात की पुरावा राहतो."

एवढं बोलून ते त्याच काळोख्या जिन्यातून भिंत चाचपडत खाली जातात.

पुण्यात माणसं घरात काय वाटेल ते पाळतात. कुणी पोपट पाळतं, कुणी मांजर, कुणी संधिवात. काहींनी तर समोरच्या बिऱ्हाडाशी असलेलं वैर तीन पिढ्या दूध पाजून वाढवलंय. फाटककाकांनी ई-मेलचा सर्व्हर पाळलाय. नारायण पेठेतल्या आमच्या 'सुखनिवास' सोसायटीत, तळमजल्यावर, बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, जिथे इतर घरांत दागिने आणि लग्नातला शालू असतो, तिथे हे यंत्र घुंघुं करत बसलेलं असतं. काकूंचा शालू पलंगाखाली पेटीत गेला. त्या म्हणतात, "सवत आली की शालू पलंगाखालीच जातो."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बागेत जाऊन हसणाऱ्यांच्या मंडळात त्यांनी एक दिवस हजेरी लावली. 'कारण नसताना हसणं हे वेडाचं लक्षण आहे,' असं मंडळाला लेखी कळवून ते परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी बुधवार पेठेत शिरले. तिथल्या दुकानांतून एकेक सुटा भाग आणून त्यांनी हा सर्व्हर उभा केला. प्रत्येक भागाची अशी घासाघीस केली, की त्या गल्लीत आजही काका वळले की शटरं आपोआप खाली येतात म्हणे. एका दुकानदाराने तर 'पंखा फुकट घ्या, पण त्याची जन्मकथा विचारू नका,' म्हणून हात जोडले. तो पंखा अजून फिरतोय. जन्मकथाही काकांना पाठ आहे.

यंत्राचा माथा कायम कोमट असतो. त्यावर काकू इडलीचं पीठ आंबवतात. यात मी तिळाएवढीही भर घालत नाही. सणासुदीला जगभरातून जाहिरातींचा लोंढा आला की यंत्र तापतं आणि पीठ पातेल्याबाहेर येतं. काका संगणकात तऱ्हेतऱ्हेचे आलेख बघून जे सांगतात, ते काकू झाकण उचलून सांगतात. "आज फसफसलं नाही हो. बघा, तुमचं काहीतरी बंद पडलंय." आणि ते पडलेलंच असतं.

सोसायटीतल्या प्रत्येक माणसाची या सर्व्हरवर पेटी आहे. मेलबॉक्स म्हणायचं नाही, पेटी. ती तुम्हाला हवी आहे का, हे कुणी विचारत नाही, जन्मपत्रिकेसारखं. नवा भाडेकरू आला की त्याला आधी पेटी मिळते, पाणी मागाहून येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांना नातू झाला तेव्हा काका नाव विचारायला हॉस्पिटलात हजर. बारसं व्हायचं होतं. काका म्हणाले, "नाव नाही म्हणून पेटी अडवून ठेवता येणार नाही," आणि त्यांनी 'बाळ' या नावाने ती उघडली. बाळाला आता मिसरूड फुटलंय. कॉलेजच्या अर्जावर तो आपला मेल 'बाळ' असा लिहितो आणि खाली मान घालून बसतो.

"पण काका," मी एकदा म्हटलं, "मोठ्या कंपन्या फुकटात देतात की खातं."

"धर्मशाळा आहेत त्या, बर्वे. खाट फुकट असते खरी. पण रात्री तुमचं गाठोडं कोण उचकतं?"

काका मात्र कुणाचं गाठोडं उचकत नाहीत. हे त्यांचं ब्रीद. "मी पाकिटाचं वजन बघतो. पाकिटात बघत नाही." देशपांड्यांची पेटी नातवाच्या मुंजीच्या फोटोंनी भरली, तेव्हा काका वर जाऊन म्हणाले, "तुमच्याकडे काहीतरी अतिशय जड आहे. काय आहे ते मला सांगू नका. कमी करा." देशपांड्यांना आग्रहाचा अर्थ नेहमी उलटा समजतो. त्यांनी काकांना बसवून सगळे फोटो दाखवले. काका खाली आले ते थेट आडवेच झाले. "एकच बटू, एकच भटजी, एकच कोन!" एवढंच ते दिवसभर म्हणत होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आडनाव फाटक, आणि आयुष्य गेलं दार बंद ठेवण्यात.

काकांच्या सर्व्हरचा एक नियम आहे. अनोळखी माणसाचं पत्र पहिल्यांदा आलं की ते आत घ्यायचं नाही. दाराआडूनच सांगायचं: थोड्या वेळाने या. "स्पॅम पाठवणारे जाहिरातवाले भुरटे असतात, बर्वे. एका दारी नाही म्हटलं की दुसऱ्या दारी जातात. त्यांना थांबायला वेळ नसतो. जो खरा असतो, तो थोड्या वेळाने परत येतो. ज्याला खरंच यायचं असतं, तो परत येतो." हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा लागतो. नंतर मला कुणीतरी सांगितलं, की ही युक्ती जगभर वापरतात. मला तर ती नारायण पेठेतच जन्मली असावी असं वाटतं. आमच्याकडे पाहुण्यांनाही हाच नियम आहे.

पण जगभर वापरतात ती यंत्राची रुक्ष भाषा. काकांनी स्वतःचा मजकूर रचला. तो असा: 'आपली ओळख नाही. थोड्या वेळाने या.' आणि खाली परदेशी मंडळींसाठी भाषांतर: 'वी डू नॉट नो यू. कम आफ्टर सम टाइम.' एरवी हे वाक्य एक यंत्र दुसऱ्या यंत्राला सांगतं, दुसरं यंत्र मुकाट्याने थोड्या वेळाने परत येतं, आणि माणसांच्या कानावर काही जात नाही. पण एखाद्या आळशी यंत्राने नाद सोडला, तर मात्र ते वाक्य पत्र पाठवणाऱ्याच्याच हातात जाऊन पडतं. "पडू दे," काका म्हणायचे. "त्याशिवाय शिस्त लागत नाही."

या शिस्तीपायी मी काय भोगलंय ते मलाच ठाऊक. दिवाळीत सासुरवाडीला जायचं म्हणून रेल्वेचं तिकीट काढायला बसलो. ओटीपी काकांनी दिलेल्या पेटीवर मागवला. ओटीपी आला, दारात अडला, 'थोड्या वेळाने या' ऐकून पायरीवर बसला. तो बसला असेपर्यंत त्याचं आयुष्य संपलं. आत आला तेव्हा तो मेलेला होता. मी सासुरवाडीला गेलो नाही. खरं सांगायचं तर त्या एका कारणासाठी मी काकांचा ऋणी आहे, पण हे आमच्या घरात बोलायचं नाही.

आणि एकदा तर प्रलय झाला. पहिल्या मजल्यावरच्या शिर्केवहिनींनी दिवाळीच्या फराळाची जाहिरात आपल्या पेटीतून अख्ख्या पुण्याला पाठवली. चकली, अनारसे, शंकरपाळे, घरपोच. दुसऱ्या दिवशी जगातल्या यच्चयावत सर्व्हरांनी काकांच्या सर्व्हरचं पत्र घेणं बंद केलं. काका जिन्यात उभे राहून ओरडले, "बर्वे, आपल्याला वाळीत टाकलं!"

मला वाटलं, पाण्याचा टँकर बंद झाला.

"अहो, अब्रू गेली! चकलीपायी अब्रू गेली!"

ते दिवस काकांनी सुतकासारखे काढले. दाढी नाही, गोडधोड नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या, वाळीत टाकायचे अधिकार असलेल्या लोकांना त्यांनी इंग्रजीत क्षमापत्रं लिहिली. त्यातलं एक मला वाचून दाखवलं. त्यात चकलीची व्याख्या होती, भाजणीचं प्रमाण होतं, आणि शेवटी 'शिर्के यांचा हेतू दुष्ट नसून त्यांना फक्त काही कळत नाही,' असं प्रमाणपत्र होतं. ते वाचून परदेशी माणसंही विरघळली. काकांना जातीत परत घेतलं. शिर्केवहिनींनी खुशीने चकल्या पाठवल्या. काकांनी डब्यावर चिठ्ठी लावून परत पाठवल्या: 'थोड्या वेळाने या.'

त्यांच्या स्वतःच्या पेटीत मात्र काय येत असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. माणूस सोसायटीभर लोकांची पत्रं सांभाळतो म्हणजे त्याला ढिगाने येत असणार. एकदा सहज त्यांच्या मागे उभा होतो तेव्हा दिसलं. रोज एकच पत्र. सर्व्हरचंच. 'सर्व ठीक आहे,' असं ते यंत्र रोज सकाळी मालकाला कळवतं. आणि काका त्याला रोज उत्तर देतात: 'वाचले. आभारी आहे.' मी हे खाली-वर सगळ्यांना सांगून हशा मिळवला. नंतर तो हशा जरा महाग पडला.

तर, सोसायटीच्या पुनर्विकासाचं ठरलं.

आमची इमारत आता इतकी थकलीय, की वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तर खालच्या मजल्यावर गिलावा 'शतायुषी व्हा' म्हणून खाली येतो. बिल्डर मिळाला. प्रत्येकाला थोडी जास्त जागा, लिफ्ट, आणि गच्चीवर एक बाग, जिच्यात कुणीही जाणार नाही. बिल्डरची एकच अट: मागाहून कटकट नको, सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच कुदळ. सगळ्यांनी सह्या केल्या. आयुष्यात कशालाच 'हो' न म्हटलेल्या देशपांड्यांनीसुद्धा केली. राहिले एकटे फाटककाका.

पार्किंगमध्ये सभा भरली. मी उभा राहून म्हटलं, "काका, तुमची हरकत काय ती सांगा."

"माझा पत्ता जाईल."

"अहो, पत्ता कुठे जातोय?" देशपांडे उसळले. "नारायण पेठच राहणार आहे! ती काय बिल्डर उचलून नेतोय?"

"तुमचा राहील. सर्व्हरचा जाईल. इमारत होईस्तोवर तुम्ही भाड्याच्या घरांत जाऊन पडाल. तो कुठे राहील? कपाटासकट पाठीवर घेऊन हिंडू?"

यावर उठला खोब्रागडे. हा तरुण गडी वर्धेकडचा, हडपसरला आयटी कंपनीत कामाला, आमच्याकडे शिर्क्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. काकांच्या सर्व्हरबद्दल मनापासून आदर असलेला सोसायटीतला एकमेव माणूस.

"काका, टेन्शन काऊन घेता जी? भाड्यानं मशीन भेटते ना. साऱ्या पेट्या तिकडे नेऊन ठेवू. मी करून देतो."

"जुनी पत्रं?"

"येतात ना सोबत."

"नावं?"

"तेच राहतात."

"बाळ?"

"बाळ बी तेच राहते."

बाळ मागच्या रांगेत होता. त्याची शेवटची आशा मावळल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं.

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "बंद किती वेळ राहील?"

"एक तास. लय झालं तर."

"एक तास नाही जमायचं."

ज्या शहरात वीज तिच्या मर्जीने जाते आणि पाणी आमच्या मर्जीविरुद्ध, तिथे एका तासाला नाही म्हणणारा माणूस कुणी पाहिला नव्हता.

"अरे बाप्पा! काका, एका तासानं काय होते?" खोब्रागडे म्हणाला. "पत्र आलंच, तर ते सर्व्हर पुन्हा येते ना. तुम्हीच तर म्हणता, ज्याला खरंच यायचं असते, तो परत येते."

एरवी आपलं वाक्य दुसऱ्याने म्हटलं की काका सत्कार झाल्यासारखे खुलतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा दिवा गेल्यासारखा झाला. ते उठले आणि घरात गेले. कडी लावल्याचा आवाज आला.

मग काय, पेठेतल्या जिभा सुटल्या. काकांना जास्तीचं पार्किंग हवंय. काकांना दुकानाचा गाळा हवाय. काकांच्या त्या कपाटात सर्व्हर नाहीच, सोनं आहे, म्हणून घुंघुं आवाज येतो. सोनं घुंघुं करतं हे मला नवीन होतं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हे काम सेक्रेटरीचं. ज्या कामात अपमान नक्की असतो, ते आमच्याकडे सेक्रेटरीचं असतं.

सकाळी खाली गेलो. काकूंनी दार उघडलं. "या बर्वे. सही मागायला आलात ना? बसा. इडली मिळेल, सही मिळायची नाही."

काका कपाटाचं दार उघडं टाकून समोर खुर्चीत बसले होते, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे. मी इकडचं तिकडचं बोललो. ते 'हं' म्हणाले. मी पुनर्विकासाचे फायदे सांगितले. ते 'हं' म्हणाले. मी लिफ्टचं वर्णन इतकं रसभरित केलं, की मला स्वतःलाच लिफ्टमध्ये राहायला जावंसं वाटलं. ते 'हं'ही म्हणाले नाहीत.

काकूंनी ताटली माझ्या हातात दिली आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सांगून टाका ना त्यांना हडपसरचं."

"काय आहे हडपसरला?"

"दिगंबर आहे," काका म्हणाले. "धाकटा भाऊ. माझा."

इतकी वर्षं मी या माणसाच्या डोक्यावर राहतोय. त्याच्या यंत्राच्या पंख्याची जन्मकथा मला पाठ आहे. याला सख्खा भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"दिगूभावजींच्या मुलीचं लग्न होतं," काकू सांगू लागल्या. "आमंत्रण आलं मोबाईलवर. त्यावर त्या मोबाईलनेच लिहिलं होतं, अनेकदा फॉरवर्ड केलेलं."

"सख्ख्या थोरल्या भावाला फॉरवर्ड!" काकांना तेवढ्यातही जुनं चावलं. "नाव नाही, गाव नाही. 'सहकुटुंब यावे.' कुणी यावे? मी म्हटलं, हे मला आलेलंच नाही."

"आणि गेला नाहीत?"

"नाही."

"मी त्या शालूत बसले होते, ह्या खुर्चीत," काकू म्हणाल्या. "पंगती उठायची वेळ होईपर्यंत बसले होते. मग सोडून ठेवला."



"संध्याकाळी दिगूचा फोन आला," काका म्हणाले. "एकच वाक्य बोलला. आजपासून आपली ओळख नाही. मी म्हटलं, बरं."

त्यावर वर्षं गेली. आणि मध्यंतरी एका सकाळी सर्व्हरवरच्या नोंदी चाळताना काकांना एक नाव दिसलं. हडपसरच्या ज्या कारखान्यात दिगंबरराव हिशेबनीस आहेत, तिथल्या मेलवरून पत्र आलं होतं. पाठवणारा: दिगंबर फाटक. कुणाला: मोरेश्वर फाटक, म्हणजे खुद्द काकांना. पहिल्यांदाच आलेलं, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने अनोळखी. नियमाप्रमाणे दारातच अडवलेलं.

"मग परत आलं असेल ना? थोड्या वेळाने?"

"त्या कारखान्यातलं यंत्र जुनाट आहे. एकदाच ठोठावतं. नाही म्हटलं की गप्प बसतं. पुन्हा येत नाही."

"फाटकांच्याच घराण्यातलं असणार," काकू म्हणाल्या.

"म्हणजे ते वाक्य..." माझ्या डोक्यात आता कुठे गोष्ट शिरत होती. "ते वाक्य दिगंबररावांच्या हातात?"

काकांनी मान हलवली. "सख्खा भाऊ इतक्या वर्षांनी दारात आला, बर्वे. आणि मी त्याला लेखी कळवलं. आपली ओळख नाही. थोड्या वेळाने या. खाली इंग्रजीतसुद्धा."

"पण त्यांनी लिहिलं काय होतं?"

"मला काय माहीत? मी पाकिटात बघत..." ते सवयीने म्हणाले आणि मध्येच थांबले. "दाराबाहेर परत गेलेल्या पाकिटातलं काही राहत नाही हो. कोण आलं होतं, तेवढंच कळतं."

"फोन करून विचारा की."

"काय विचारू? बाबा रे, त्या पत्रात शिवी दिली होतीस का बोलावलं होतंस? शिवी असेल तर कळून काय करायचंय? आणि बोलावलं असेल तर..." त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"आता सर्व्हरच्या दारावर ह्यांनी लिहून ठेवलंय," काकूंनी मला सांगितलं. "दिगंबर फाटक यांना कधीही अडवू नये. रोज सकाळी बघतात, पाटी जागेवर आहे ना. आहे. पण ही पाटी लावलीय हे दिगूभावजींना कुणी कळवायचं? मारुतीनं?"

"म्हणून तो तास देत नाही मी," काका म्हणाले. "नेमकं त्याच तासात त्याच्या मनात आलं, त्यानं पुन्हा लिहिलं, आणि दार बंद असलं तर? एकदा येऊन गेला. दुसऱ्यांदा कदाचित येईल. तिसऱ्यांदा नाही यायचा. मी ओळखतो ना त्याला."

काकांच्या पेटीतल्या रोजच्या एकुलत्या पत्रावर मी मिळवलेला हशा तेव्हा मला टोचला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश वगैरे पडला असं मी म्हणणार नाही. आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. तोंडात इडली होती, ती गिळेपर्यंत बोलता येईना, तेवढ्यात जो काय विचार झाला तो झाला.

"काका, तुमचा नियम काय? नव्याने आलेल्याला काय सांगायचं?"

"थोड्या वेळाने या."

"आणि खरा कोण?"

"जो परत येतो."

"मग दिगंबरराव तुमच्या दारात एकदा तरी येऊन गेले. तुम्ही त्यांच्या दारात किती वेळा गेलात?"

काकांनी पुसलेला चष्मा नाकावर चढवला.

"हडपसरला बस जाते, काका. तिला वाटेत सर्व्हर लागत नाही."

"आणि त्याने हाकललं तर?"

"तर थोड्या वेळाने जा."

आयुष्यात पहिल्यांदा मी फाटककाकांना वादात हरवलं, आणि त्याचा आनंद झाला नाही. काकू मात्र उठल्या होत्या. स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. सर्व्हरच्या डोक्यावर आंबलेल्या पिठाच्या इडल्या, वर चटणीची वाटी, फडक्याची गाठ. डबा त्यांनी काकांच्या मांडीवर ठेवला. "दिगूभावजींना माझ्या हातच्या आवडतात," एवढंच म्हणाल्या.

काका निघाले ते अख्ख्या सोसायटीने गॅलऱ्यांतून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, छातीशी डबा, आणि दोन्ही पायांत स्वतःच्याच चपला. देशपांडे वरून म्हणाले, "बिल्डरकडे चाललेत, गाळा मागायला." मी त्यांना आयुष्यात प्रथमच 'गप्प बसा' म्हटलं. ते इतके चकित झाले, की खरंच बसले.

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. दुपारी दोनदा खाली जाऊन आलो. काकू कपाटासमोर काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. "मी बघतेय," म्हणाल्या. "इकडून आलं, तर तेही चुकायला नको."

उन्हं उतरता उतरता काका गल्लीच्या तोंडाशी दिसले. हातात डबा नव्हता. मी सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ते जवळ आले, धाप लागलेली. मला दुसरं काही सुचेना.

"पोचलं का?" मी विचारलं.

"पोचलं."

"मग?"

"बेल वाजवली. त्यानेच उघडलं. केस पांढरे झालेत हो त्याचे. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला..." काकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मग डोळे पुसले. मग परत चष्मा. "म्हणाला, आपली ओळख नाही. थोड्या वेळाने या. आणि दार लावून घेतलं."

"मग... डबा?"

"तो आधी घेतला हातातून. मग दार लावलं." एवढं बोलून काका हसायला लागले. हसणाऱ्यांच्या मंडळाने त्या क्षणी त्यांना अध्यक्ष केलं असतं. "डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही आमच्या घरात, बर्वे. काहीतरी घालून ठेवेल तो."

ते जिन्याच्या पायरीशी थांबले. "त्या खोब्रागड्यांना सांगा, उद्या सकाळी घ्या म्हणावं तो तास. काय उचलायचं ते उचला. मी घरी नसेन. हडपसरला असेन."

"आणि उद्याही थोड्या वेळाने या म्हणाले तर?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मीच जणू अख्ख्या पुण्याला चकल्यांची जाहिरात पाठवलीय.

"तर परवा जाईन. मी काय स्पॅम आहे का?"